बिबट्याच्या पिंजऱ्यातलं लेखन

मी कादंबरी लिहितोय हे फुटलं, तेव्हा जुन्नरपासून घोडेगावपर्यंत लोक हसले. शिनोलीच्या पाहुण्यांनी तर मुद्दाम फोन केला, "पावणं, डोक्यावर पडलात का कुठं?"

कारण कादंबरीत जुन्नर दोन होते. एक आपला, नेहमीचा. दुसरा याच जागेवर, पण वेगळ्या विश्वातला. तिथं भीमाशंकरचं जंगल उतरत उतरत पार नारायणगावच्या बाजारात येऊन बसलेलं. माझा नायक झोपेतच ओळखायचा की आपण स्वप्नात आहोत, आणि एकदा ओळखलं की सरळ पलीकडच्या जुन्नरात उतरायचा. गेला मजेत, पण परत यायची वाट त्याला सापडेना. मलाही सापडेना. ऊस तोडणीला आला तरी पठ्ठ्या तिकडंच अडकलेला.

घरात सुचणार कसं? टीव्ही, कुकर, मिक्सर, आणि जेवून उठले तरी न हलणारे पाहुणे. अख्ख्या तालुक्यात शांत जागा एकच उरली होती, आमच्या उसाच्या बांधावर वनखात्यानं लावलेला बिबट्याचा पिंजरा. तो लागल्यापासून त्या अंगाला कुणी फिरकत नव्हतं. पिंजऱ्याला कप्पे दोन. मागचा लहान, शेळीचा. पुढचा ऐसपैस, बिबट्याचा. शेळी संध्याकाळी आमचा शेजारी आणून बांधायचा, दिवसभर जागा मोकळी. वर आंब्याची सावली. मी फोन घरी चार्जिंगला लावला, कागद घेतले आणि बिबट्याच्या कप्प्यात मांडी घातली.

आतल्या फळीवर पाय पडला की झडप खाली येते, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर झडपेखाली उसाचं जाडजूड कांडं उभं केलं. एवढ्या लोखंडाला उसाचा टेकू! असली अक्कल आमच्या बागायती पट्ट्यातच पिकते.

लिहिता लिहिता डोळा लागला. तोही अभ्यासाचाच भाग. स्वप्नात मी पलीकडच्या जुन्नरात पाऊल टाकलं, आणि ते इकडं फळीवर पडलं. असा दणका झाला की माळशेजच्या अलीकडे मढपर्यंत भांडी पडली असतील. जागा होऊन बघतो तर कांड्याचा भुगा आणि झडप बंद.

आधी वाटलं, स्वप्नच आहे. नायकाला शिकवलेली परीक्षा स्वतःवर केली. नाक दाबून श्वास घ्यायचा. स्वप्नात तो घेता येतो म्हणे. माझा जीव गुदमरला. म्हणजे हे खरं होतं. झडप उचलली, ढकलली, लाथा घातल्या. दुसऱ्या विश्वातून सुटायचे उपाय मी पानंच्या पानं लिहिले होते, त्यातला एक कामाला येईल तर शपथ. ओरडलो. पण पिंजऱ्याकडून आरडाओरडा आला की आमच्या गावात लोक धावत येत नाहीत, दारं लावून घेतात.

आणि मग तो आला. म्हशीएवढा. बायको म्हणते एवढा नव्हता, पण तिनं बघितलाच कुठं? बांधावर बसला आणि, माझ्या जागेवर हा कोण, अशा नजरेनं बघत राहिला. गजाआड मी, मोकळा तो. खरं सांगतो, मला हसू आलं. एवढा सुरक्षित माणूस त्या घडीला तालुक्यात नव्हता.

तेवढ्यात उसातून बायकोचा आवाज आला.

उसातून एकट्यानं जाताना मोठ्यानं बोलत जायचं, ही आता आमच्याकडची रीतच आहे. कुणी गाणी लावतं. ती माझ्याशी भांडत येते, मी असो वा नसो.

"च्या गार झाला न्हवं! लेखक झालंत म्हनं! कांदं कोन भरनार, तुमचा त्यो दुसरा जुन्नर?"

मी गजांना तोंड लावून ओरडलो, "येऊ नको! मागं फिर!"

"मागं फिर म्हनं! बोलवाया आले तर वर दटावता व्हय?" आवाज आणखी चढला, पावलं आणखी जवळ आली.

बिबट्यानं कान पाडले, उठला आणि उसात शिरला. कुठल्या अंगाला गेला, दिसलं नाही. तिची वाट त्याच उसातून. मी गज धरून नुसता उभा. आयुष्यात एवढा बांधला गेलो नव्हतो.

ती बाहेर आली. धडधाकट. मला बघून कपाळाला हात लावला. दोघांनी मिळून झडप उचलायचा प्रयत्न केला, हलली नाही. फोन तिचाही घरीच.

"मी मानसं घिऊन येते."

"एकटी जाऊ नको. उसातच हाय त्यो."

तिनं वळून उसाकडं बघितलं. लग्नानंतर पहिल्यांदाच तिची बोलती बंद झालेली मी पाहिली. मग ती मागं गेली, शेळीच्या कप्प्याचं दार उघडून वाकून आत शिरली, कडी लावून घेतली आणि मधल्या गजांतून माझी बाही घट्ट धरली.

"शेळी घिऊन येत्याल तवर बसायचंच हाय. सांगा, कुठं अडकलाय तुमचा गडी?"

मी सांगत राहिलो. ती मध्ये मध्ये "मग?" म्हणत होती, डोळे मात्र उसावर. दिवस कलला तेव्हा आमचा शेजारी चार माणसं आणि शेळी घेऊन आला, आणि जागच्या जागी थिजला.

"वहिनी, तुमी हितं?"

तिनं माझी बाही सोडली. "पयलं मला घरला पोचवा, भाऊ. ह्यांची काय घाई न्हाई, त्यांचं अजून लिवायचं ऱ्हायलंय."