खिशातला फ्यूज

माझ्या भावाला, अण्णाला करंट लागला, असा फोन आला तेव्हा मी माजलगावला माझ्या औषधाच्या दुकानात होते. दिंद्रुडला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. गल्लीत सगळीकडे लाईट होती, अण्णाच्या घरात मात्र अंधार. ओट्यावर माणसं कुजबुजत होती, भिंतीला हात लावायला कुणी धजत नव्हतं. मी मोबाईलच्या उजेडात अण्णाच्या शर्टाचा खिसा चाचपला. चिनीमातीचा फ्यूज हाताला लागला. "करंट नाही," मी म्हणाले, "फ्यूज याच्या खिशात आहे." मग डॉक्टर आले, हृदय बंद पडलं म्हणाले.

अण्णा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. एका शाळेने भंगारात काढलेला जुना घरगुती कॉम्प्युटर त्याने घरी आणला होता. नुसत्या कीबोर्डएवढा काळा डबा, टीव्हीला जोडायचा. त्यातली माहिती साठवायची गाण्याच्या कॅसेटवर. आमच्याकडचे मेंढपाळ दोन-तीन वर्षांनी कळपातला मेंढा बदलतात. चुकून आपल्याच रक्ताचा परत आला, तर कोकरं आंधळी, लुळी निपजतात. कुणाचा मेंढा कुणाकडे गेला ते अण्णा त्यात लिहून ठेवायचा, एका कळपाची एक कॅसेट. "वहीत लिही की," मी म्हणायचे. "वही पणज्यापर्यंतचं नातं हुडकून देते का, शोभे?" तो म्हणायचा.

पण कॅसेटना बुरशी धरली. टेप चिकटायची, ताणली जायची. प्रत्येक वेळी लावताना वाटायचं, ही शेवटची... मग त्याने स्वस्तातला एक छोटा बोर्ड मागवला. कॉम्प्युटरच्या मागच्या फटीत तो खोचायचा आणि त्यात मोबाईलचं मेमरी कार्ड घालायचं. कार्ड माझ्याच जुन्या मोबाईलमधलं. कॅसेट एकदा वाचून घेतली की सगळं कार्डावर. पहिला बोर्ड खोचला तेव्हा लोडशेडिंग होतं. लाईट नाही म्हणून बटण बंद करायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. अर्ध्यात लाईट आली, चट्कन आवाज झाला, जळका वास सुटला. बोर्ड गेला. डबा वाचला, पण अण्णाचा चेहरा मी इतका पांढरा कधी पाहिला नव्हता. त्याने दुसरा बोर्ड मागवला; काम झालं की तो काढून ठेवायचा. तेव्हापासून बोर्डाला हात लावायच्या आधी घराचा फ्यूजच काढायचा. मी असले की माझ्याकडे द्यायचा आणि तरी तीनदा विचारायचा, "फ्यूज कुठाय?" "माझ्या मुठीत." मला हसू यायचं. त्याला नाही. त्या दिवशी तो एकटाच होता...

तेरावा झाल्यावर मेंढपाळ सोपानमामा आले. कपाळाला हात लावून दारातच बसले. "लई वंगाळ झालं, ताई. आमची तेवढी एकच कॅसेट ऱ्हायली व्हती. चार दिसांत मेंढा घ्यायचा हाय. मागल्या साली न इचारता घेतला, तर सात कोकरं आंधळी झाली. आता कुणाला इचारू?"

बोर्ड टेबलावर तसाच पडला होता. खोचायचा कुणी? मीच. भर दुपारी दार सताड उघडून बसले. फ्यूज वहिनींच्या हातात दिला. तळहाताला घाम सुटला होता, बोर्ड फटीत बसेना.

"वहिनी, फ्यूज कुठाय?"

"माज्या मुठीत हाय."

परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा वहिनी चिडल्या. "मूठ उघडून दावू का? तुमी अगदी त्येंच्यावानी करताय!"

बोर्ड बसला. फ्यूज लावला. कॅसेट सुरू केली. टेपची किरकिर ऐकू येऊ लागली, टीव्हीवर पट्टे पळू लागले. मध्येच आवाज बसला. सोपानमामांनी डोळे मिटून घेतले. टेप गुंतली असती, तर मामांचा सगळा कळप पुसला गेला असता. मी काहीच केलं नाही, टेप सोडवायला मला येतच नव्हतं. मग आवाज परत वर आला... आणि ओळी उमटल्या. आधी कार्डावर साठवलं, मग श्वास घेतला.

"दिंद्रुडचा काळा मेंढा नको," मी वाचून सांगितलं. "तो तुमच्याच मेंढ्याचा नातू आहे."

"आत्ता! त्योच ठरविला व्हता की," मामा म्हणाले.

सगळ्या कॅसेट कार्डावर आल्या, बोर्ड आता तिथेच आहे, काढायची गरज नाही. फ्यूजही त्याच्या जागी आहे. तरी दिंद्रुडला गेले की गल्लीच्या वळणावर माझे पाय थांबतात. आधी अण्णाच्या घरात लाईट आहे का बघते, मग पुढे जाते.