मधल्या खोलीतल्या गोळ्या

गर्भपिशवी माझी होती, पण ती काढायची की ठेवायची हे यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या नवऱ्याकडे बघून विचारलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि अंगावरून जाणं थांबायचं नाव घेत नव्हतं. तपासणीत पिशवीच्या आत गाठी निघाल्या. हजारात एखादीला होतात तशा, बाई म्हणाल्या. कॅन्सर नव्हता, पण तशाच राहू दिल्या तर झाला असता.

"मूल पायजे आमाले," नवरा म्हणाला. मला न विचारता बोलला, पण माझ्याच मनातलं बोलला.

बाईंनी गाठी खरवडून काढल्या आणि त्या परत वाढू नयेत म्हणून सहा महिने रोज एक गोळी घ्यायला सांगितली. "रक्त जात असलं तरी घ्यायची. एकही दिवस चुकवायचा नाही." हे त्यांनी दोनदा बजावलं. पावसाळाभर मी एकही गोळी चुकवली नाही. तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा बाई हसल्या. "दुखणं उतरतंय," म्हणाल्या. परतीच्या बाभुळगाव गाडीत मी बाळाचं नावसुद्धा ठरवून टाकलं. बाजारात तुरी, तसली माझी गत.

मग कापूस घरात आला. त्या वर्षांत भाव असा पडलेला की आज विकू, उद्या विकू करत गावातल्या निम्म्या घरांत कापूस साठून होता. आमची मधली खोली आढ्यापर्यंत भरली आणि आम्ही ओसरीत झोपायला आलो. गोळ्या त्याच खोलीत, दारालगतच्या कोनाड्यात होत्या. घरातला कापूस म्हणजे लक्ष्मी. अडचणीतल्या, म्हणजे पाळी आलेल्या बाईनं त्या खोलीत पाय ठेवायचा नाही. तिची सावली पडली तरी कापूस पिवळा पडतो, असं आमच्याकडे मानतात.

मी दारातूनच सासूबाईंना म्हटलं, "गोळी तेवढी द्या ना."

"लक्ष्मीजवळची वस्तू अशा हाती देत नाई पोरी. चार दिस नाई घेतली तं काय होते? अडचण सरली का दोन-दोन घेऊन टाकजो."

चार दिवस कुठले? माझं कधी आठ दिवस चालायचं, कधी बारा. गोळ्या ओसरीत आणून ठेवल्या असत्या, तर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीनं विचारलं असतं की कायच्या गोळ्या. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मायच्या मनाविरुद्ध कायले?" आणि खरं सांगायचं तर मलाही भीती वाटायची. सगळं घर त्या कापसावर डोळे लावून बसलेलं. माझ्यामुळे तो पिवळा पडला असता, तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं? डॉक्टरीणबाईंचं ऐकू की लक्ष्मीचं, काही सुचायचं नाही. अंग मोकळं झालं की मी दोन-दोन, तीन-तीन गोळ्या गिळायची. पाकिटं मात्र बरोबर वेळेवर संपायची.

दुसऱ्या तपासणीचा कागद बाईंनी बराच वेळ वाचला. गाठी परत आल्या होत्या, आधीपेक्षा वाईट.

"गोळ्या सगळ्या घेतल्या?"

शेजारी सासूबाई होत्या. माझ्याआधी त्याच म्हणाल्या, "एक बी नाई राह्यली, बाई. म्या सोता पायलं." आणि त्यांनी थैलीतून रिकामी पाकिटं काढून टेबलावर मांडली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"म्हणजे गोळी लागू पडत नाही," बाई म्हणाल्या. "आता थांबण्यात धोका आहे."

लागू पडत होती हो! घशापर्यंत आलं होतं. पण सासूबाईंच्या देखत त्यांनाच कसं खोटं पाडायचं? मी पदराचं टोक पिळत बसले. तिथं गप्प बसले म्हणून माझाच मला आजही संताप येतो.

पिशवी काढली. टाके सुकल्यावर घरी आले तेव्हा कापूस तसाच पडून होता. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पदरानं डोळे पुसले आणि माझा हात धरून मला मधल्या खोलीच्या दारात आणलं.

"जाय आत," त्या मायेनं म्हणाल्या. "आता कायची अडचण तुले? बाराही महिने जात जाय."

मी आत गेले. भिंतीलगतचा कापूस खालून पिवळा पडला होता. अडचणीत असताना मी त्या खोलीत एकदाही पाय ठेवला नव्हता.