नगरकरांची सॅक माळ्यावर जाऊ नये म्हणून

सांगून टाकलेली गोष्ट विसरता येते. दडवलेली गोष्ट मात्र जपावी लागते. म्हणूनच, ज्या गोष्टी घरी कळू द्यायच्या नाहीत असे ठरते, त्यांचाच साठा सर्वांत मोठा होतो. आम्हा चौघांपाशी असा वीस वर्षांचा साठा आहे. तो आज उघडायला हरकत का नाही, ते शेवटी ध्यानात येईल.

आम्ही चौघेही केंद्र सरकारचे नोकर आणि मयूर विहारातल्या एकाच सोसायटीचे रहिवासी. नगरकर एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. परेरा मूळचे वसईचे, नकाशे काढणाऱ्या कचेरीत ड्राफ्ट्समन. शेख सोलापूरचे, सरकारी पशुवैद्य. आणि मी एका ग्रंथालयातला कारकून. माझे शिक्षण मॅट्रिकला थांबले, वाचन थांबले नाही. दर मे महिन्यात पाठीवर सॅक बांधून आम्ही पहाडातल्या एखाद्या गावी जात असू.

पहिल्याच सहलीहून नगरकर एकाच पायात बूट घालून परतले. दुसरा ओढ्यात वाहून गेला होता. त्यांच्या पत्नी सुमतीवहिनींनी दारातच निकाल दिला, "पुन्हा असं काही माझ्या कानावर आलं ना, तर ही सॅक माळ्यावर जाईल!"

धमकी पोकळ नव्हती. नगरकरांचे बुलबुलतरंग आणि क्रिकेटची बॅट त्या माळ्यावर गेली होती, ती पुन्हा कुणी पाहिली नव्हती. आणि तिकिटे, मुक्काम, आमच्या रजेचे अर्ज हे सारे नगरकरांच्याच हाती असल्यामुळे, त्यांची सॅक माळ्यावर म्हणजे आमची सहलच माळ्यावर! तेव्हा ठरले : पहाडात काहीही घडो, घरी विचारले तर चौघांचे उत्तर एकच. "हवा छान होती."

* * *

नगरकर सहलीचीही फाइल ठेवीत. घडलेली प्रत्येक गोष्ट तीत नोंदवली जाई आणि परतल्यावर ती लाल फितीत बांधून त्यांच्या कपाटात जाई. सरकारी माणूस काहीही लपवील. फाइल नष्ट करणार नाही.

एकदा काठगोदामला दोन बस समोरासमोर उभ्या होत्या : एक अल्मोड्याची, एक रानीखेतची. नगरकरांनी बाकावर बसून नोट लिहिली, "अल्मोड्यास जाणे इष्ट वाटते. अभिप्रायार्थ सादर." परेरांनी सही केली. मी दोन ओळींची पुस्ती जोडली. शेखांनी मात्र लिहिले, "कृपया चर्चा करावी."

चर्चा झाली. चहा झाला. फाइल मंजूर होऊन परत आली तेव्हा चहावाला म्हणाला, "बाबूजी, काग़ज़ पूरा हो गया? बसें तो दोनों निकल गईं!"

नगरकरांनी शांतपणे पेनाचे टोपण काढले आणि खाली लिहिले, "बस सुटल्या. माहितीस्तव."

* * *

परेरा कोणाला रस्ता विचारीत नसत. "मी नकाशे काढतो, यार. मी रस्ता विचारू?"

चक्रात्याच्या बाजूला त्यांच्या नकाशाबरहुकूम आम्ही तीन तास चाललो आणि जिथे गाव असायला हवे होते तिथे पोहोचलो. तिथे दगड होते. दगडांवर शेळ्या होत्या.

"नकाशा बरोबर आहे," परेरा म्हणाले. "गाव हललंय."

आम्ही इतके हसलो की शेळ्या उठून गेल्या. शेळ्यांमागून मेंढपाळ आला. त्याला गावाचे नाव सांगताच तो म्हणाला, "जी साहब, यहीं था. पहाड़ खिसका, तो सारा गाँव ऊपर जा बसा."

पुढची तीन वर्षे परेरांना कोणी एक शब्द बोलू शकले नाही!

* * *

चंब्याला आमच्या यजमानाने "डॉक्टरसाहब" हे संबोधन ऐकले आणि सकाळी अंगणात अकरा म्हाताऱ्या रांगेत बसलेल्या आढळल्या. शेखांनी हात जोडले. "अम्मा, मैं जानवरों का डॉक्टर हूँ."

पहिली म्हातारी जागची हलली नाही. "तो ठीक है, बेटा. घुटने देख ले. खच्चर से ज़्यादा बोझ ढोया है मैंने."

शेखांनी अकराही जणींचे गुडघे पाहिले.

* * *

त्याच दिवशी दुपारी नगरकर शेवाळावरून घसरले आणि त्यांचा घोटा मुरगळला. शेखांनी त्यांच्याकडे पाठ केली, पाय मागून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि सवयीने ओरडले, "धरा रे, लाथ मारेल!"

नगरकर दुखणे विसरून आमच्याकडे बघत राहिले. संध्याकाळी त्यांनी ते वाक्यही अवतरणचिन्हांसह फाइलवर घेतले.

* * *

घरी लंगडत शिरलेल्या नवऱ्याला पाहून वहिनींनी त्या खेपेस चौकशी आरंभली. रविवारी आम्हा तिघांना वेगवेगळ्या वेळी बोलावले. प्रत्येकापुढे साबुदाण्याची खिचडी ठेवली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला.

मी म्हणालो, "हवा छान होती." शेख म्हणाले, "हवा छान होती, वहिनी. थोडी गार. त्याने पाय आखडतो."

शेवटी परेरा. वहिनी म्हणाल्या, "अच्छा! म्हणजे तिघांनाही एकच हवा लागली?"

परेरांनी घास गिळला. "एकाच गावात होतो ना, वहिनी!"

वहिनींनी त्यांना आणखी खिचडी वाढली. त्या हसत होत्या असे परेरा आजही म्हणतात. आम्ही तेव्हा विश्वास ठेवला नाही.

* * *

नगरकर निवृत्त झाले त्या वर्षी वहिनींनी जाहीर केले, "या खेपेला मी येणार. काय ती हवा, एकदा बघू दे!"

त्यांच्यासाठी नवी सॅक आली. निघताना त्यांची मुलगी मधुरा दारात उभी राहिली. ती दिल्लीतच वाढलेली आणि आईपेक्षा कडक. "बाबा, आईला बिल्कुल काही झालं नाही पाहिजे. नाहीतर दोन्ही सॅक माळ्यावर. फायनल."

मुक्तेश्वरला आम्ही आदर्श वागलो. नोट नाही, नकाशा नाही, जवळची वाट नाही. प्रत्येक वळणावर रस्ता विचारून, रांगेने चाललो. तिसऱ्या दिवशी वहिनी थांबल्या. "हे असं चालता तुम्ही? वीस वर्षं?" समोर उतारावरून एक पायवाट खाली जात होती. "इथून जाऊ."

"नोट टाकू का?" नगरकरांनी विचारले.

"नोट राहू दे तुमची!" असे म्हणून वहिनींनी पाऊल टाकले आणि बसल्या बसल्या, सॅकसकट, थेट खालच्या बटाट्याच्या शेतात पोहोचल्या.

आम्ही धापा टाकीत उतरलो. उजवे मनगट सुजले होते. शेखांनी त्यांच्याकडे पाठ केली, सवयीने हात मागे नेला, भानावर आले आणि लाजून वळले. तेव्हा चिखलात बसलेल्या वहिनी आम्हा तिघांना म्हणाल्या, "बघता काय? धरा रे, लाथ मारेन!"

आम्ही तिघांनी नगरकरांकडे पाहिले. नगरकरांनी आकाशाकडे पाहिले.

दिल्लीला परतलो. दार मधुराने उघडले. वहिनींचा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये, प्लॅस्टर गळ्यात बांधलेले, केसांत अजून बटाट्याच्या शेतातली माती. मागे आम्ही चौघे, माना खाली घालून.

"आई! ये क्या हुआ? बाबा, काय झालं तिकडे? कोणी बोलेल का?"

वहिनींनी चपला काढल्या. डाव्या हाताने स्वतःची सॅक काढून, नवऱ्याची सॅक नेहमी असते त्या दारामागच्या खुंटीवर, अडकवली.

"हवा छान होती," त्या म्हणाल्या.