एकाच डब्यातल्या गोळ्या

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नवी पेठेत त्यांच्यासाठीच मऊ सुती बंडी निवडत होते. दुकानदार माप विचारत होता आणि मला सांगता येत नव्हतं. माझे हे थोरले काका शेवटी शेवटी इतके आटले होते. फोन ठेवल्यावर बंडी घ्यावी की परत द्यावी, तेही सुचेना. घेतली मी. का घेतली, ते आजही सांगता येणार नाही...

अण्णा शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्तीनंतर एका दवाखान्याने म्हाताऱ्या माणसांवर अभ्यास सुरू केला, तेव्हा ते हरखून गेले. जीवनसत्त्वाच्या गोळ्या रोज घेतल्या तर कॅन्सरचा धोका घटतो, वाढतो, की काहीच फरक पडत नाही, हे पाहायचं होतं. काहींना खरी गोळी आणि काहींना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली, हे देणाऱ्यालाही ठाऊक नाही. अण्णांनी काकूचंही नाव घातलं. दोघांच्या नावाच्या दोन बाटल्या घरी आल्या. काकूने त्या देवापुढे ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं आणि दोन्हींतल्या गोळ्या स्टीलच्या एकाच डब्यात ओतल्या.

"अगं, प्रयोगाचा पार चिवडा केलास," अण्णा म्हणाले.

काकू माळशिरसकडची. "येका ताटात जेवलोय की आपण. गोळ्यांचंच कसलं सोवळं?"

अभ्यासाच्या गोळ्या द्यायला दवाखान्यातल्या एक ताई यायच्या, त्यांना अण्णांनी खरं ते सांगून टाकलं. ताईंनी काकूला समजावलं, नव्या बाटल्या दिल्या. आठवडाभरात त्याही त्याच डब्यात गेल्या. अण्णा चिडचिड करत, पण गोळी घेत. आणि खरंच तरतरीत झाले हो ते. गुडघ्यांची कुरकूर थांबली, संध्याकाळी तळ्यापर्यंत फेरी सुरू झाली. गोळीचा गुण आहे, असं काकू गल्लीभर सांगत सुटली. मग अण्णांच्या पोटात कॅन्सरची गाठ निघाली आणि काकू एकदम गप्प झाली. तिची घालमेल अण्णांना कळत होती. धीर द्यायचा सोडून ते म्हणाले, "गोळीमुळे झालं असं म्हणता येत नाही. नाही झालं, असंही म्हणता येत नाही." मला त्यांचा असा राग आला! मरतानाही हा माणूस मास्तरच राहिला.

तेरावा झाल्यावर काकूने माझा हात धरला. "त्या ताईला इचार. माज्या बाटलीतली गोळी त्यांच्या पोटात गेली, त्यानं तर न्हाय ना झालं? मला झोप न्हाय गं."

मी गेले. अभ्यास संपला होता, कुणाला काय दिलं ते आता उघड झालं होतं. ताईंनी बघून सांगितलं, दोघांच्याही बाटल्यांत औषध नव्हतंच. मी रिक्षा करून घर गाठलं. काकूच्या मनावरचं ओझं उतरवायला निघाले होते मी.

काकू शेंगदाणे पाखडत बसली होती. मी सांगितलं तसं सूप थांबलं.

"दोनीत बी कायच न्हवतं?"

"काही नव्हतं, काकू. तुझ्या हातून काही वाईट झालं नाही."

तिने सूप बाजूला ठेवलं.

"मग तवा ते बरं कशानं झालं हुतं?"

मी आतल्या उंबऱ्याकडे पाहिलं. अण्णा कधी कुठल्या देवळात तीर्थाला हात पुढे करायचे नाहीत. पण रोज सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसून, डोळे मिटून, ओंजळ मात्र पुढे करायचे, आणि काकू पदराला हात पुसून तीत गोळी ठेवायची... पाट आता उचलून ठेवलाय. काकू अजून त्या जागेला वळसा घालून आत जाते.