दिघोरीचा मॉस्कोवाला

सेवकरामने जन्मभर धान पिकवलं, पण दिघोरीत त्याला ओळखतात ते ‘मॉस्कोवाला’ म्हणून. तरणेपणी त्याने आणि शेजारच्या वासुदेवरावाने भागीत एक रेडिओ घेतला. एक आठवडा याच्याकडे, एक त्याच्याकडे. सेवकराम मॉस्कोच्या हिंदी बातम्या लावी, वासुदेवराव अमेरिकेच्या. रेडिओ परत देताना जो तो काटा मुद्दाम आपल्याच स्टेशनावर ठेवून देई. पुढं दोघांनी आपापले श्रोता संघ काढले. तिकडून कॅलेंडरं येत, गुळगुळीत मासिकं येत. बावीस मेंबरांची यादी पाठवली म्हणून सेवकरामला तर मॉस्कोहून मनगटी घड्याळ आलं.

यादीतले लाखन आणि सोनबा हे सेवकरामचे बैल, हे एकट्या वासुदेवरावाला ठाऊक. आणि वासुदेवरावाच्या यादीत त्याचे वारलेले सासरे पहिल्या नंबरावर, हे एकट्या सेवकरामला. म्हणून पन्नास वर्षं दोघंही गप्प.

सेवकरामची नात हर्षा यंदा बारावीला. शीतयुद्धाचा धडा आला तशी तिने वर्गात आबाजींच्या घड्याळाची टिमकी वाजवली, आणि सरांनी दोन्ही म्हाताऱ्यांना कॉलेजात बोलावलं. सेवकरामला एकच घोर: कोणी यादी विचारली आणि नातीपुढं नाक कापलं गेलं तर?

अणुबॉम्ब झाले, चंद्रावर पोचायची शर्यत झाली, गप्पा रंगल्या. मग हर्षाच उठली.

“आबाजी, बावीस मेंबर कोन कोन होते?”

सेवकरामने वीस नावं घेतली आणि तिथंच अडला.

“काहून थांबला गा?” वासुदेवराव कानाशी पुटपुटला. “ठोक ना आनखी दोन. मी का कोनाले सांगून राहिलो?”

त्याने शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं, पण ही मेहरबानी सेवकरामला सोसवेना.

“लाखन अन् सोनबा,” तो म्हणाला. “माहे बैल होते, पोरी.”

वर्ग खो-खो हसला. हर्षाची मान खाली.

“हासता कायले?” वासुदेवराव काठी आपटत उठला. “त्याचे बैल जित्ते तरी होते! माह्या यादीत मेलेला सासरा होता!”

सरांनीही तोंडावर रुमाल धरला. हर्षा तेवढी हसेना.

“म्हंजे तुमी खोटं बोलले, आबाजी?”

“मॉस्कोसंग बोललो. तुह्यासंग नाही बोललो.”

हर्षा बाकाबाहेर येऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

“अन् थे बैल खरंच रेडिओ आयकत का?”

“लाखन आयके,” सेवकराम म्हणाला. “सोनबा झोपून जाये.”

आता आधी हर्षालाच हसू फुटलं.