कुंपणाले पानं फुटली

हे मी लिहिणारच नव्हते, खरंच, अर्धं लिहून मिटवूनही टाकलं होतं. पण आनंदाबाईंचं ते "बस ना वं, बस" कानातून जाईचना, म्हणून घ्या.

हिंगणीकडच्या तलावात मधोमध रेतीचं बेट आहे. आनंदाबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या पाण्यात मासोळ्या धरतात. उन्हाळ्याच्या तोंडी बेटावर सुरया यायच्या, पिवळ्या चोचीच्या, काळी टोपी घातल्यासारख्या, आणि उघड्या रेतीतच अंडी द्यायच्या. आधीच हे पक्षी सगळीकडे कमी होऊन राह्यले, त्यात इथं बेशरमच्या रानझुडपांनी बेट गिळलं, आणि पाणी उतरलं की मोकाट कुत्रे चालत जाऊन अंडी फस्त करायचे.

मागच्या उन्हाळ्यात बाईंनी दीर प्रेमदासला डोंग्यात बसवलं आणि सगळं बेशरम कापलं. मग वावराला करतात तसंच, त्याच्याच काड्या गोल रोवून कुत्र्यांना अडवायला कुंपण! काय ऐट दोघांची! पावसाळ्यात त्या काड्यांना पानं फुटली. दिवाळीला पाहतात तर बेटावर रेतीच दिसेना.

प्रेमदास हसत सुटला. "वहिनी, तुमी त बेशरमची शेती केली!"

"हसा भाऊजी, हसा. रोवाले तुमीच होते ना संगं? आता उपटाले बी चाला."

"अन् यंदा पाखरं नाई बसले त?"

"काऊन नाई बसतीन? जागा त्याईची हाय."

संक्रांतीनंतर दोघं रोज खपले. या वेळी मुळासकट उपटलं. एक काडी ओल्या रेतीत पडू दिली नाही, सगळं काठावर आणून खडकावर कडकडीत वाळवलं. कुंपणाला बाभळीचे वाळके काटे.

"याले पानं फुटले त माह्यं नावच बदलून टाका!" बाई म्हणाल्या.

मग सुरया आल्या. घिरट्या, घिरट्या, नुसत्या घिरट्या. बाई डोंग्यात वाकून पुटपुटत, "बस ना वं, बस..."

एक उतरली. रेतीत पोट घासून खळगा करू लागली. प्रेमदासनं तोंड उघडलं तशी बाईंनी त्याच्या मांडीवर चापट मारली. "चूप! डोंगा मागं घ्या. आता आपलं इथं काई काम नाई."

बेटावर काम नाही, पण काठावर आहे. तिथं बेशरम अजून उभंच आहे, अन् एक काडी वाहत बेटाला लागली की पुन्हा तेच. हिंगणीला जा, पिल्लं उडायच्या आत जा, आनंदाबाईंना भेटा. कुठून उपटायचं ते त्या दाखवतील. फक्त कुत्रं सोबत नेऊ नका.