कोरे सरांचं युक्रेन

आम्ही जुने सहकारी भेटलो की पहिल्या चहाला तब्येतीच्या गोष्टी निघतात आणि दुसऱ्या चहाला कोरे सर. केज तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात मी ग्रंथपाल होतो, ते राज्यशास्त्राचे प्राध्यापक. नव्वदीच्या दशकात विद्यापीठाच्या बहिःशाल विभागातर्फे ते दर जानेवारीत तीन दिवसांची व्याख्यानमाला चालवायचे. विषय दरवर्षी एकच, आजचं युक्रेन. असा विषय आणि असं गाव, त्यामुळे किस्से जमवावे लागले नाहीत. साचत गेले.

* * *

सुरुवात कशी झाली ते आधी सांगतो. सर पाच वर्षं सोव्हिएत संघराज्यावर पीएच.डी. करत होते. त्यासाठी पुस्तकावरून रशियन शिकले होते. शेवटचं प्रकरण टायपिंगला दिलं आणि तिकडं देशच मोडला. स्टाफरूममध्ये त्यांच्याकडं बघायची कुणाची हिंमत होईना. शेवटी प्राचार्य जवळ येऊन हळूच म्हणाले, "कोरे, तुमचा विषय गेला म्हणं."

सर म्हणाले, "गेला न्हाई सर. भाऊ भाऊ वेगळे निघालेत. आता एकेकाच्या घरी जाऊन बघावं लागंल."

पण त्यातलं युक्रेनच का, असं मी विचारलं. तर म्हणाले, "थोरल्याचं सगळेच ऐकतात."

* * *

पहिल्या वर्षी पहिल्या दिवशी श्रोते नऊ. त्यातले तिघं एसटीला वेळ होता म्हणून बसलेले. पुढच्या खुर्चीवर सरांचे वडील, शिवलिंगआप्पा. गावात त्यांचं किराणा दुकान. सर दीड तास बोलले. काळी जमीन, डोळे फिरतील एवढा गहू, आणि स्वातंत्र्य मिळाल्यावरही दुकानांपुढं रांगा, आत फळ्या रिकाम्या.

दारात मी आप्पांना विचारलं, "कसं वाटलं?"

"पोरगा बोलतो चांगला," आप्पा म्हणाले. "पण दुकानदाराचं काय झालं ते सांगितलंच न्हाई की."

दुसऱ्या दिवशी आप्पा बाजारपेठेतले सात दुकानदार घेऊन आले. दुकानं लवकर बंद करून. सरांनी ते बघितलं, हातातले कागद घडी करून खिशात घातले आणि दीड तास फक्त दुकानांवर बोलले. सरकारी दुकानाचा मालक कोण, माल ठरवायचं कोण, भाव ठरवायचं कोण. तेवढं मन लावून ऐकलेलं भाषण मी आमच्या कॉलेजात पुन्हा पाहिलं नाही.

* * *

नकाशाची अडचण होती. कॉलेजच्या नकाशात अजून सगळा सोव्हिएत युनियन एकाच गुलाबी रंगात. सरांनी एका मासिकातलं चित्र चौकटी आखून मोठं केलं आणि शिंप्याकडं नेलं. हिरव्या कापडाचं युक्रेन कापून पांढऱ्या चादरीवर शिवायचं. बरोबर मी होतो.

शिंप्यानं कात्री चालवत चालवत खालपर्यंत आणली आणि थांबला. "सर, हे खाली लोंबतंय ते ठिवू का कापू?"

ते क्रिमिया होतं.

सर म्हणाले, "ठेवा. आन् टाका जरा पक्का घाला. त्याच्यावरूनच भांडण हाय."

* * *

एका वर्षी अध्यक्ष म्हणून अंबाजोगाईचे एक डॉक्टर बोलावले. ते डॉक्टरकी युक्रेनमध्येच शिकलेले, सहा वर्षं तिथं राहिलेले. आणि आमचे सर औरंगाबादच्या पलीकडं कधी गेले नव्हते. बोलता बोलता सर "खार्किव" म्हणाले. डॉक्टरांनी तिथंच थांबवलं. "खार्कोव्ह. मी राहिलोय त्या शहरात."

सर अदबीनं म्हणाले, "खार्कोव्ह हे रशियन नाव, साहेब. युक्रेनियन बोलणारी माणसं खार्किव म्हणतात." आणि पुढं बोलत राहिले. मी मान खाली घातली. पाहुण्यांचा अपमान झाला असं सगळ्यांनाच वाटलं.

अध्यक्षीय भाषणाला डॉक्टर उठले. लिहून आणलेलं त्यांनी काढलंच नाही. म्हणाले, "माझी घरमालकीण म्हातारी होती. खेड्यातली. ती खार्किव म्हणायची. तिला नीट बोलता येत नाही, असं मी सहा वर्षं समजत होतो." आणि खाली बसले.

त्यानंतर डॉक्टर दरवर्षी यायचे. श्रोत्यांत बसायचे.

* * *

आता शेवटचा. त्या वर्षी व्याख्यानमाला बंद पडायच्या बेतात होती. विद्यापीठातून एक अधिकारी तपासायला आले होते. सकाळीच सरांना म्हणाले, "कोरे, बीड जिल्ह्यात युक्रेन कशाला? कॉम्प्युटर घ्या, शेअर बाजार घ्या. लोकांना कळेल असं काहीतरी घ्या." सर दुपारी जेवले नाहीत.

त्या दिवशीचा विषय होता अणुबॉम्ब. वेगळं होताना युक्रेनच्या भूमीवर पुष्कळ बॉम्ब राहिले होते. ते त्यांनी रशियाला देऊन टाकले. त्या बदल्यात रशियानं आणि इतर मोठ्या देशांनी लिहून दिलं, की तुमच्या हद्दीला आम्ही हात लावणार नाही. सरांना या गोष्टीचं फार कौतुक होतं. अधिकारीही मान डोलावत होते.

प्रश्न आहेत का, असं विचारल्यावर मागून बिरूमामा उठले. नांदूरघाटकडचे मेंढपाळ. कॉलेजमागच्या रानात त्यांची मेंढरं बसली होती, म्हणून ते तीन दिवस येत होते.

"सर, ज्यानं लिहून दिलं त्यो शेजारी कसा हाय?"

"मोठा हाय मामा. आधी यांच्यावर त्याचंच राज्य होतं."

मामा म्हणाले, "म्हंजी कुत्री देऊन टाकली, आन् लांडग्याकडनं चिठ्ठी लिहून घेतली."

कुणी हसलं नाही. सरांनी टेबलावरचा एक कागद उलटा केला आणि मामांचं वाक्य त्यावर लिहून घेतलं.

अधिकाऱ्यांनीही वहीत काहीतरी लिहिलं. मालिका चालू राहिली, एवढंच मला माहीत. वही मिटून ते मामांना म्हणाले, "पुढच्या वर्षी याल का?"

"मेंढरं इकडं असली तर येतो की," मामा म्हणाले. "ती चिठ्ठी टिकली का बघाया."